सोशिकतेचे पाच मुद्दे

अंबडच्या कॉलेजात मी बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. कादंबरी कुठलीही लागो, प्रश्न ठरलेला: 'नायिकेची सोशिकता स्पष्ट करा.' नवरा मारतो, सासू छळते, नायिका सोसते आणि मुलं मुद्दे उतरवून घेतात. ते पाच मुद्दे मीच सांगते. अलीकडे सांगता सांगता मलाच जांभई येते.

गेल्या वर्षी वर्गात एक लग्न झालेली मुलगी होती. सगळ्यांच्या भाकरी थापून वडीगोद्रीकडून एसटीनं यायची. एका जरी विषयात नापास झाली तर कॉलेज बंद, असं सासऱ्यांनी बजावलं होतं. हे तिनंच मला सांगितलं, रडगाणं न गाता, बसची वेळ सांगावी तसं.

चाचणीत त्याच ठरलेल्या प्रश्नाला तिनं लिहिलं, 'नायिका सोशिक नाही. ती कामापुरती गप्प बसते. भांडली असती तर तिला शिवणाच्या वर्गाला कुणी जाऊ दिलं नसतं.' त्या दिवशी साठ पेपर तपासायचे होते आणि माझं डोकं उठलं होतं. पाचांपैकी एकही मुद्दा दिसेना. लाल पेनानं 'विषयांतर' लिहून मी दहापैकी दोन दिले. चाचणीचे गुण निकालात धरतात, हेही त्या वेळी डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, काय चुकलं?"

"सोशिकतेबद्दल काहीच नाही यात."

"पण ती सोशिक न्हाईच ना, मॅडम. ती तर रस्ता शोधून राह्यली."

तिचं खरं होतं. बावीस वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. पण कबूल करायचं म्हणजे सगळे मुद्दे नव्यानं काढायचे, आणि तेवढा जीव आता माझ्यात उरलेला नाही.

"मुद्दे यायला पाहिजेत. पुन्हा लिहून दे," मी म्हटलं.

तिनं पेपरावरच्या दोन गुणांकडे एकदा बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "बराबर है मॅडम. माझंच चुकलं."

तिथंच बसून तिनं पाचही मुद्दे लिहिले, स्वच्छ अक्षरात. मी आठ गुण दिले. ती पास झाली, तिचं कॉलेज सुरू राहिलं. मला मात्र अजून लाज वाटते. सासऱ्यांपुढे ती जे करत असेल, तेच तिला माझ्यापुढे करावं लागलं, आणि मी त्याचेच गुण दिले.