दात आधी की बाबा आधी

आमच्या घरात चार पिढ्या पुस्तकं बांधायचं काम झालं. पणजोबा दरबारच्या नोकरीला धारला आले, तिथल्या वह्या शिवायचे. वडील मराठी वाचनालयाची पुस्तकं बांधायचे आणि येईल त्याला सांगायचे, "आपल्या घरात फर्मा चुकत नाही." सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. असे फर्मे ओळीनं लावून शिवले की पुस्तक होतं. ओळ चुकली की कामच वाया.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदी. मराठी मी वडिलांच्या टेबलाशी शिकलो, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून. आतलं वाचायची गरज कधी पडली नाही. पानाखाली आकडे असतात, ते बघायचे आणि लावायचं.

गेल्या वर्षी एक कादंबरी आली. वाळवीनं सगळ्या पानांची खालची कड खाल्लेली, म्हणजे आकडेच गेले. बाकीचे फर्मे दोऱ्याला धरून होते, शेवटचे दोन सुटे. सगळ्यात शेवटचं पान तर नव्हतंच. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या आहेत. त्या स्वतः पुस्तक घेऊन आल्या.

"भाऊ, या दोनातलं आधी कोणतं ते वाचून ठरवावं लागेल. तुम्हाला कशाला त्रास? मी लावून देते."

मला ते लागलं. म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं लावतोय. माझा फर्मा चुकला तर त्या दिवशी दाभण खाली ठेवीन."

आतून बायको म्हणाली, "हो, ठेवा! म्हणजे दिवसभर माझं डोकं खायला मोकळे."

नुसते दोन फर्मे वाचून काही कळेना, म्हणून पहिल्या पानापासून धरलं. ओळीखाली बोट ठेवून वाचायचो. गोष्ट सांगणारी सहा वर्षांची मुलगी. बाप ट्रकवर, कधी येतो, कधी नाही. घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलतात आणि ही पलंगाखाली बसून ऐकते. त्यातलं अर्धं तिला कळत नाही आणि उरलेल्यातलं तिला आवडेल तेवढंच ती आपल्याला सांगते. पोलिस घरी आला तर त्याच्या बुटांबद्दल पानभर बोलते. तो काय म्हणाला ते नाहीच.

"अगं पोरी, बूट राहू दे, तो काय म्हणाला ते सांग!" मी मोठ्यानं बोललो. बायको दारातून बघून गेली.

चार दिवस दुसरं काम झालं नाही. मोरचूद घालून केलेली खळ वाटीत वाळून गेली, ती दोनदा नवी शिजवली. बापाचं काय झालं हे कळल्याशिवाय मला चैन नव्हतं, आणि ते त्या दोन सुट्या फर्म्यांतच होतं.

एकात बाप घरी येतो, पेरू आणतो, मुलगी कचाकच खाते. बाप हसतो, म्हणतो, तुझे दात उंदरासारखे. दुसऱ्यात बाप घरात नाही. मुलगी रोज त्याच्या चपला पायरीवर नीट लावून ठेवते, आल्यावर सापडायला हव्यात म्हणून. दोन्ही फर्मे नव्या प्रकरणानंच सुरू होत होते, आणि आधी कोणतं, ते तिच्या बोलण्यावरून समजेना, कारण तिला सगळं 'काल'च असतं. दिवाळी काल, आजोबा गेले तेही काल. मी आधी चपला लावल्या, मग बाप. शिवून, शिकंज्यात दाबून, बाइंडिंग करून दिलं.

आठ दिवसांनी बाई आल्या. "भाऊ, चपलांच्या भागात तिचे पुढचे दोन्ही दात पडलेत. मग पुढे पेरू कसा खाल्ला?"

ती ओळ मला आठवली. बाप येतो का बघायच्या घाईत मी त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवलं होतं. पण म्हटलं, "नवे आले असतील."

"चार पानांत?"

"तिचा काल सहा महिन्यांचा असतो, बाई."

बायको भाजी निवडत होती. "आपल्या नातीचं बोळकं बरेच दिवस होतं," एवढंच बोलली. कोणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.

देवासच्या वाचनालयात दुसरी प्रत आहे, हे बाईंनीच सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली, इंदूरला बदलली, दुपारी देवासला पोचलो. तिथल्या माणसानं धूळ झटकून पुस्तक दिलं. "काका, ये किताब तो कोणी नेतच नाही. बैठ के आराम से पढो."

आकडे शाबूत होते. बाप आधी येतो, पेरू देतो, पहाटे निघून जातो. दात त्यानंतर पडतात. चपला शेवटी. आमच्याकडे नसलेलं ते शेवटचं पानही वाचलं. त्यात ती चपलांवरची धूळ फ्रॉकनं पुसते, बस. मी कागद मागून घेतला आणि ते पान उतरवून काढलं. दीड तास लागला.

परत येऊन बाईंच्या समोर दोरा कापला. त्या म्हणाल्या, "राहू द्या ना. बाप आलेलाच बरा वाटत होता. कोणाला कळणार?"

"तुम्हाला कळलं ना."

फर्मे बदलले, माझ्या हातचं पान शेवटी शिवलं आणि दाभण पेटीत ठेवून दिलं. बाईंनी खूप सांगितलं, फाटकी पुस्तकं पडून आहेत, रुसू नका. पण बोललो ते बोललो. मी वाचनालयाचा सभासद झालो. बायकोचं म्हणणं, आता निदान तोंड बंद असतं.

परवा एक जुनं प्रवासवर्णन आणलं. शहाण्णव पानानंतर एकदम एकशे तेरा. पुढचा फर्मा आधी, मागचा नंतर. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत निळ्या पेन्सिलीचा छोटा त्रिकोण होता. ती वडिलांची खूण. पुस्तक नेल्याचे शिक्के भरपूर, तक्रार कोणाचीच नाही.

ते मी दोन वेळा तपासलं. बाईंना सांगितलं नाही. पेटी उघडली.

"अहो, दाभण ठेवलं होतं ना?" बायकोनं विचारलं.

"हे माझं काम नाही," मी म्हटलं. "वडिलांचं आहे. तू खळ शिजव."