माझ्या वर्गातले डावे हात

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, हे मी पुढे आयुष्यभर इतर शिक्षकांना सांगत आले. पण त्या विषयावरचा माझा पहिला आदर्श पाठ म्हणजे शुद्ध लबाडी होती. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

घोडेगावपासून दोन-तीन मैलांवरच्या एका गावात आमची दोनशिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी हेडगुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी नगरच्या ख्रिस्ती वस्तीतली. आजोबा शिक्षक, आई शिक्षिका. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की पाठोपाठ वाचायलाही लागणार, हे गृहीतच असायचं. त्यामुळे तिसरीत येऊनही 'घ' आणि 'ध' यांत घोटाळणारं पोर दिसलं की माझं डोकं फिरायचं. मी ओरडायची, टेबलावर पट्टी आपटायची, आणि पोरं होती त्याहून गप्प व्हायची. बाजाराच्या दिवशी अर्धा वर्ग बैल-शेळ्यांमागे घोडेगावला जायचा, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं.

एकाहत्तर सालच्या जुलैत विस्तार अधिकारी तपासणीला आले. गावात त्यांना अजून जुन्या 'डेप्युटी'वरून 'दिपोटी'च म्हणत. त्यांनी तिसरीतली सात मुलं वाचायला उभी केली. त्यातली पाच जमिनीकडे बघत राहिली. साहेब चिडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"बाई, जानेवारीचं गटसंमेलन तुमच्या शाळेत घेऊ," ते म्हणाले. "आदर्श पाठ तुम्ही द्यायचा. विषय, वाचनाची गोडी. तुमच्या नेमणुकीचं त्यानंतर बघू."

गटसंमेलन म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र जमायचे, एकाने सगळ्यांसमोर पाठ द्यायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. माझी नेमणूक तात्पुरती होती. पाठ फसला तर नोकरी जाणार, फारच दया आली तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरातली एखादी शाळा मिळणार. इकडे नगरला आई एकटी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी शनिवारी घरी पोचले की आठवडाभराची पत्रं, पेपर, सगळं माझ्याकडून वाचून घ्यायची. अकोल्याहून मी दर शनिवारी कशी येणार होते?

हाताशी सहा महिने होते. तेवढ्यात पोरांना वाचायला शिकवता आलं असतं. मी दुसरंच केलं.

युक्ती हेडगुरुजींची. एकदा बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "बाई, एवढं काय मनाला लावून घेताय? प्रश्न इचारला की समद्यांनी हात वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत न्हाई त्यानं डावा. तुमी फक्त उजव्याला उठवायचं. मागं बसलेल्याला काय कळतंय? त्याला निस्ते हात दिसत्यात."

साप मरणार होता आणि काठीही मोडणार नव्हती. ऑगस्टमध्ये मी तिसरीच्या बावीस मुलांकडून दोन-दोन ओळी वाचून घेतल्या आणि प्रत्येकाला त्याचा हात नेमून दिला. आठ उजवे, चौदा डावे. "ही गोष्ट वर्गाबाहेर जायची नाही," असं दरडावून सांगितलं. "घरीसुद्धा नाही."

त्यानंतर मी उजव्यांना शिकवलं. डाव्यांवर ओरडणं मात्र बंद केलं. बाई निवळल्या असं त्यांना वाटलं असेल. मी निवळले नव्हते, मी त्यांना सोडून दिलं होतं.

डाव्यांत तिसऱ्या रांगेतली, भिंतीकडेला बसणारी एक मुलगी होती. दोन बारीक वेण्या, लाल रिबिनी, आवाज असा नाहीच. वडील मिलिटरीत. ऑगस्टमध्ये ती पहिल्या ओळीतल्या दुसऱ्याच शब्दाला अडली होती. डिसेंबरात लढाई सुरू झाली, तेव्हा गावात सगळे रेडिओभोवती जमायचे. तिच्या वडिलांची चौकशी करावी असं एकदा माझ्या मनात आलं होतं. पण पाठाच्या तयारीत ते राहून गेलं.

जानेवारीत तो दिवस उजाडला. वर्गाच्या मागे सतरंजीवर वीस-पंचवीस शिक्षक, मधे खुर्चीवर साहेब. चौथीला व्हरांड्यात बसवलं होतं. मी प्रश्न विचारला आणि बावीसच्या बावीस हात वर गेले. सतरंजीवरून 'वा' असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी एका उजव्याला उठवलं, मग दुसऱ्याला. दोघांनी खणखणीत वाचलं. आता पाचच मिनिटं उरली होती.

तेवढ्यात साहेब उठले. "बाई, थांबा. आता मी विचारतो."

ते रांगांमधून पुढे आले. पोरांनी सवयीने पुन्हा हात वर केले. साहेबांनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि भिंतीकडेच्या त्या मुलीसमोर थांबले. तिचा डावा हात वर होता. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि आम्ही अजून शिवलोही नव्हतो असा, शेवटाकडचा धडा उघडून दिला. "वाच, बाळ."

हेडगुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. ती उभी राहिली, तिने ओळीखाली बोट धरलं, आणि वाचायला लागली.

अडखळत वाचत होती, एका जोडाक्षरावर थांबली, मागे जाऊन पुन्हा वाचलं. पण वाचत होती. अख्खा परिच्छेद तिने वाचला. मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदा आला तो रागच. हिला येतं, मग मला बोलली का नाही?

"शाबास," साहेब म्हणाले. "मग डावा हात का वर केलास? बाकीच्यांचे काही उजवे, काही डावे. काय भानगड आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. एका वाक्यात माझी नोकरी जाणार होती, आणि ते वाक्य आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात होतं.

"मी डावरी हाय, सायेब."

"असं? मग फळ्यावर नाव लिही बघू."

ती फळ्यापाशी गेली. खडू डाव्या हातात धरला आणि लिहायला लागली. अक्षरं लहान-मोठी, वाकडी, शेवटचं तर पार खाली घसरलं. ओठ दातांखाली दाबून तिने ते पुरं केलं. सतरंजीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, मला हात उचलवेनात.

शेरेबहीत साहेबांनी 'पाठ समाधानकारक' असं लिहिलं. जीपकडे जाताना मला बाजूला घेतलं. "बाई, त्या मुलीच्या उजव्या हाताची बोटं पाटीवरच्या पेन्सिलीने पांढरी झालीत. डावऱ्या माणसाची डाव्या हाताची होतात." मग म्हणाले, "मीही मास्तर होतो." एवढंच बोलून ते जीपमध्ये बसले.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. खोटं का बोललीस, विचारलं.

"तुमीच म्हनल्या हुत्या ना, कुनाला सांगायचं न्हाई."

"आणि वाचायला कधी शिकलीस?"

तिने पाटी छातीशी धरली. "मिल्ट्रीतनं आन्नाची पत्रं यायची. पोष्टमन येकदाच वाचून जायचा. आयला रोज आयकायची असायची. मला पाठ झाली हुती. मी बोट ठिवून म्हनायची, म्हनता म्हनता अक्षरं कळाय लागली. लढाईत येक पत्र आलं तवा पोष्टमन थांबलाच न्हाई, तसाच गेला. आय वंगाळ बातमी समजून रडाय लागली. मंग मीच फोडलं. खुशाल हाय, येवढंच लिवलं हुतं. पन ते मी वाचलं."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई, बाई."

ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. दर शनिवारी मी आईला पत्रं वाचून दाखवत होते, आणि माझ्या वर्गातली एक मुलगी रोज तेच करत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना सांगितलं, घरात काहीही लिहिलेलं असेल ते उद्या घेऊन या. पत्र, लग्नपत्रिका, बियाण्याची पिशवी, काहीही. तुम्हाला जे वाचावंसं वाटतं, ते आधी वाचू. वाचन शिकवायचं मला जे काही पुढे कळलं, ते सगळं त्या पिशव्यांतून आणि पत्रिकांतून कळलं. आणि म्हटलं, आता डावा-उजवा बंद. येत असेल त्यानेच हात वर करायचा.

मग प्रश्न विचारला. हात सहा. ऑगस्टनंतर इतके कमी हात मी बघितले नव्हते आणि तरी ते बघून मला हायसं वाटलं. भिंतीकडेची ती मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं तशी उभी राहिली.

"बाई," तिने विचारलं, "आता माझा हात कोनता?"

मी तिच्यापाशी गेले आणि तिचा उजवा हात माझ्या हाताने वर केला.