लोखंडी उंबऱ्याला रफू

मास्तरांना चाळीस वर्षांच्या शिलाईत मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे एक भांडण. बँकेतल्या एका साहेबांच्या कोटाला ऐन छातीवर सिगारेटचं भोक पडलं होतं. मास्तरांनी कोटाच्याच आतल्या शिवणीतले दोरे एकेक करून उसवले आणि त्या भोकावर असं रफू केलं, की साहेब कोट घरी नेऊन दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले.

"मास्तर, हा माझा कोट नाही. माझ्या कोटाला भोक होतं."

मास्तरांनी आतल्या खिशातून साहेबांचीच विसरलेली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा कुठे ते गप्प झाले. ही गोष्ट मास्तर येईल त्याला सांगत, आणि शेवटी न चुकता म्हणत, "दुरुस्ती दिसली तर ती दुरुस्ती नव्हे, ठिगळ." त्यांच्या बायकोला ही गोष्ट इतकी पाठ होती, की ते 'बँकेतल्या' म्हणाले की ती भाजी ढवळायला उठायची.

पुढे सुईत दोरा ओवायला भिंग लागायला लागलं, तसं त्यांनी दुकान बंद केलं. घरी बसलेला शिंपी म्हणजे घरातल्या पडद्यांवर संकटच. महिनाभरात त्यांनी दारांचे पडदे दोनदा उसवून शिवले. बायको रोज सकाळी प्रार्थनेला बसली की मनातल्या मनात एक विनंती जास्तीची करायची: देवा, ह्यांच्या हाताला काहीतरी दे. देवाने ऐकलं. मात्र जे दिलं ते एवढं मोठं आणि एवढं गंजलेलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

मास्तरांची थोरली बहीण, ताई, त्याच घरात खालच्या खोलीत राहायची. ती तीस वर्षं प्रसूतीची नर्स होती. तिच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती, दोन दारांची, गोल डोळ्यांची, बसक्या नाकाची. ताई तिला ठमी म्हणायची. वेळीअवेळी निरोप आला की ठमी निघायची, आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली निम्मी पोरं ठमीच्या मागोमाग या जगात आली होती. ताई निवृत्त झाली, तिचे गुडघे धरले, मग डोळ्यांत मोतीबिंदू झाले, आणि ठमी परसातल्या पत्र्याच्या छपराखाली सहा वर्षं उभी राहिली. डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर ताईला स्वच्छ दिसायला लागलं. तेव्हा पहिली गोष्ट तिने पाहिली ती ठमीची अवस्था.

"धाकट्या, हिला जरा तपासणीला ने. पास झाली की मी चालवीन."

मास्तरांनी इंजीन सुरू करून घेतलं आणि गाडी तपासणी केंद्रात नेली. ताई शेजारी बसली होती. तिथले निरीक्षक म्हणजे कमी बोलणारा, जाड चष्म्याचा माणूस. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मग खाली वाकून दाराखालच्या पोकळ लोखंडी पट्टीत पेचकस टोचला. या पट्टीला मास्तर उंबरा म्हणत, कारण दार उघडून आत शिरताना ती ओलांडावी लागे. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर ओंजळभर तांबडा भुगा आला.

"गाडीचा सगळा भार या पट्ट्यांवर असतो," निरीक्षक म्हणाले. "तीन महिने देतो. तेव्हाही असंच असेल तर नंबरपाट्या इथेच काढून घेईन. मग ती भंगारात."

घरी उतरल्यावर ताई ठमीच्या टपाला हात टेकून म्हणाली, "माझं लायसन्स या वर्षअखेरीपर्यंत आहे. मरायच्या आधी, असं नाही म्हणत मी. लायसन्स संपायच्या आधी हिला एकदा मला चालवायचीय."

ताईने आयुष्यात धाकट्या भावाकडे काही मागितलेलं नव्हतं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतल्या सत्रंज्या काढल्या, सीटं काढली, बॅटरी सोडवून ठेवली आणि कोपरावर रांगत ठमीखाली शिरले.

रोग किती पसरलाय ते बघायला त्यांनी दुकानातला लोहचुंबक घेतला. चाळीस वर्षं त्याने दुकानातल्या खाली पडलेल्या टाचण्या गोळा केल्या होत्या. चांगल्या पत्र्याला तो टक्कन चिकटायचा. उंबऱ्यावर मात्र जागोजाग घसरून खाली पडायला लागला. पूर्वी कुणा रंगवणाऱ्याने भोकं पुट्टीने बुजवून वरून रंग फासला होता. पुट्टी म्हणजे नुसता लेप, तिला चुंबक धरेल कशाला? मास्तरांनी छन्नी मारली तशी पुट्टीची ढेकळं पडली आणि आत चाळणी दिसली.

"लोक शिंप्यांची बदनामी करतात," मास्तर खालून म्हणाले. "हे बघ, कसल्या लबाड माणसाने केलंय."

"बाहेर या आधी," बायको म्हणाली. "सुई दिसत नाही म्हणून दुकान बंद केलंत, आणि आता लोखंडाच्या पोटात शिरताय."

वेल्डिंग शिकवायला कोपऱ्यावरचा वेल्डर तयार झाला. आधी तो गाडी पाहून म्हणाला होता, "मास्तर, यात गाडी कमी आणि गंज जास्त आहे." पण ताई खिडकीतून बोलली, "तू पायाळू जन्मलास, पाय आधी. पाच तास झुंजवलंस मला. तेव्हा मी म्हटलं का, की सोडून द्या म्हणून?" त्यावर वेल्डर मुकाट्याने मशीन घेऊन आला.

मास्तर काम करायचे ते आपल्याच रीतीने. गंजका भाग कापून चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे जायचं. मग खाकी कागद लावून बोटाने कडा दाबायच्या, खूण उमटली की कागद कापायचा, तो पत्र्यावर ठेवून खडूने आखायचं. प्रत्येक कागदावर तारीख आणि 'डावी, मागून दुसरी' असं लिहून ते सगळे कागद खिळ्याला अडकवलेले. बाईच्या झंपराची मापं जशी ठेवायचे, तशी. वेल्डरला हे फार आवडलं. त्याने आधी चार बाजूंना चार छोटे टाके मारून दाखवले. एकाच टोकाकडून सरळ जोडत गेलं की पत्रा तापून फुगतो, हे तो समजवायला लागला, तर मास्तर हसले. "म्हणजे कच्चा टाका. कापडही सरकतंच की." पंधरा दिवसांत त्यांचा हात बसला. ठिणग्यांनी सदऱ्याला सात भोकं पडली, ती त्यांनीच रफू केली.

रोज काम संपलं की मास्तर परसात चुंबक फिरवून लोखंडाचा कीस उचलत, ताईच्या अनवाणी पायांत जाऊ नये म्हणून. तरी तो कीस घरात यायचाच. एकदा बायकोला पोळपाटाखाली सापडला. "पूर्वी टाचण्या यायच्या," ती म्हणाली. "त्या निदान परत वापरता यायच्या."

उंबरे दोन्ही बाजूंनी भरले. आता उरलं घासणं. जोडाची वर आलेली कड मास्तर ग्राइंडरने घासत, मग कानशीने, मग कागदाने, मग बोटाच्या टोकाने तपासत. बोटाला जोड लागला की पुन्हा.

वेल्डर म्हणाला, "मास्तर, बस करा. जोड जरा वर राहू द्या. खालून बघणार कोण?"

"दिसली तर दुरुस्ती कसली?"

"अहो, घासून घासून ताकद जाईल."

या एका शब्दाने मास्तर थबकले. जिथे जोड पातळ वाटला तिथे त्यांनी पुन्हा भरला. आणि पुन्हा घासला. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा उंबरा असा झाला होता, की जणू कारखान्यातून कालच आलाय. आत पोकळीत गंज धरू नये म्हणून तेल-मेण सोडलं, वरून रंग दिला. वेल्डर खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. "मी स्वतः टाके मारलेत," तो म्हणाला, "आणि मलाच सापडत नाहीत." मास्तरांना कोटवाले साहेब आठवले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

तपासणीला तिघं गेले. मास्तर गाडी चालवत, शेजारी ताई, मागे बायको मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, कारण सरकारी रांगेत भूक आधी लागते. निरीक्षक तेच होते. त्यांनी पेचकस टोचला, तो आत गेला नाही. त्यांनी उंबऱ्यावरून हात फिरवला, विजेरी मारली, पुन्हा हात फिरवला. मास्तर शाबासकीची वाट बघत उभे होते.

"वेल्डिंग कुठंय?"

"सगळीकडे आहे, साहेब."

"मला एकही जोड दिसत नाही. तीन महिन्यांपूर्वी इथे हातभर भोक होतं." निरीक्षकांनी चष्मा पुसला. "पुट्टी भरून रंग मारलाय. रोज बघतो मी असं. जोड दिसला नाही तर मी सही कशावर करू?" आणि ते नंबरपाटीच्या स्क्रूंकडे बघायला लागले.

मास्तरांनी चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीचा गर्व केला, तीच आज आडवी आली होती. "साहेब, कागद आहेत माझ्याकडे, प्रत्येक तुकड्याचा—"

"कागद गाडीला जोडलेत का?"

ताई काठीवर टेकून उभी होती. तिने भावाकडे पाहिलं, रागाने नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

तेवढ्यात बायको मागच्या सीटवरून कशीबशी बाहेर आली. डब्याच्या पोटाला काहीतरी काळं चिकटलं होतं, ते ती ओढून काढत होती. "अहो, हा तुमचा चुंबक. डब्याच्या पिशवीत कधी टाकलात कुणास ठाऊक. डब्याला गोचिडासारखा बसलाय."

मास्तरांनी चुंबक घेतला. तो सरळ निरीक्षकांच्या पुढे धरला. "पुट्टी याला धरत नाही, साहेब."

निरीक्षक खाली बसले. चुंबक उंबऱ्याला लावला. टक्. चार बोटं पुढे. टक्. डावीकडचा उंबरा संपला, उजवीकडचा सुरू झाला. ताई प्रत्येक 'टक्'ला मान हलवत होती, बाळाचे ठोके मोजावे तशी. सगळं झालं तरी निरीक्षकांचं समाधान होईना. त्यांनी जॅक आणवला, थेट उंबऱ्याखाली लावला आणि ठमीची एक बाजू उचलली. चाक जमिनीवरून सुटलं. पत्रा कुरकुरला नाही. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. दार हलकेच बसलं, कुठे घासलं नाही.

"हे काम कुणी केलं?"

"मी. मी शिंपी आहे."

निरीक्षक पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. "तरीच. काम उत्तम आहे, पण चूक आहे. शर्टाचं रफू लपवायचं असतं. इथे जोड दिसायलाच हवा, त्यावर माणसांचा जीव असतो. आज सही करतो. पुढच्या वर्षी मात्र नवा जोड घासलेला चालणार नाही."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "तो मला ठिगळ लावायला सांगतोय."

"अहो, न दिसता काम करणं एका देवालाच जमतं," बायको म्हणाली. "त्यालाही लोक विचारतातच, कुठे आहेस म्हणून. तुम्ही कोण लागून गेलात?"

मास्तरांनी किल्ली ताईच्या हातात दिली आणि डबा घेऊन मागे बसले. ताईने सीट पुढे ओढली, आरसा आपल्यापुरता वळवला, काठी भावाकडे दिली. पहिल्या गिअरला ठमी एक गचका देऊन बंद पडली. ताई म्हणाली, "उगाच मान वर करून बघू नकोस, धाकट्या." दुसऱ्यांदा गाडी निघाली ती नीट निघाली. चौक गेला, पूल गेला, घराचं वळण आलं. ताई वळली नाही, सरळ गेली.

"ताई, घर मागे राहिलं."

"दिसतंय मला. आता सगळं दिसतंय." तिने गिअर बदलला. मग म्हणाली, "तो काय म्हणाला रे, जोड घासलेला कधी चालणार नाही?"

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," ताई म्हणाली. "म्हणजे त्याने ठमीला पुढचं वर्ष धरलंय. मग मलाही लायसन्सचं बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी मास्तर डिकीत शिरले. जादा चाकाखाली नाण्याएवढं एक भोक राहिलं होतं. त्यांनी तुकडा कापला, टाके मारले, आणि सवयीने हात ग्राइंडरकडे गेला. तो त्यांनी परत ठेवला. जोड वर आलेला, खडबडीत, काहीसा वाकडाही होता. त्यांनी बायकोला हाक मारली.

"जरा बघ गं, दिसतंय का?"

तिने डोकावून पाहिलं. "चांगलं ढळढळीत दिसतंय."

मास्तरांनी एक सुस्कारा टाकला, आणि त्या ठिगळावर रंग दिला.