एका दिवसाचा खाडा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एकदा सांगायला बसलो होतो. चहा झाला, दुसरा झाला, अन् मी धानाच्या मळणीचं काहीतरी बोलून उठलो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

आमगावात रेल्वे फाटकाजवळ, खताच्या दुकानावरच्या खोलीत माझा स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. तेव्हा नवीन होता. मी अठ्ठावीस वर्षांचा, स्वतः तीनदा परीक्षेत आपटलेला — हे अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजी शिकवायचो. आमच्याकडे इंग्रजीचा मास्तर दिसला की माणसं सायकलवरून उतरून नमस्कार करत. तो नमस्कार मला भारी आवडायचा. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी क्लासात यशोधराताई होत्या. अंगणवाडीत मदतनीस, वय सदतीस. कारकुनाच्या भरतीला बसायची त्यांची ती शेवटचीच संधी. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. सगळी पोरं विशीतली, अन् त्यात पहिल्या बाकावर या. घरी सहा वर्षांची मुलगी, प्रज्ञा.

परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा — वाक्यात रिकामी जागा, खाली चार इंग्रजी वाक्प्रचार, त्यातला योग्य तो निवडा. एक दिवस फळ्यावर मी ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ लिहिलं. अर्थ मला माहीत नव्हता. पण खिडकीखालून दिवसभर कोळशाच्या मालगाड्या जातात, कोळसा म्हणजे हमाली — मी ठोकून दिलं, ‘अतिशय कष्टाचं काम करणे.’ पोरांनी उतरवून घेतलं.

ताई उभ्या राहिल्या. “सर, विहारातल्या कपाटात जुना शब्दकोश हाये, त्यात म्या पाह्यलं. त्या गावात कोळसाच निंगते म्हणते. मंग तिथं कोळसा नेऊन का फायदा? गोंदियाले तांदूळ नेल्यावानी झालं ना ते!”

इतकं नेमकं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. पण तेव्हा मला काय वाटलं, सांगू? ही मला शिकवणार? मदतनीस बाई — अन् विहाराकडच्या वस्तीतली. हो, तेही मनात आलं होतं. आमच्या घरी शेती, गावात मान, आणि मी तिच्यासमोर चुकायचं?

“ताई, पेपर तुमच्या शब्दकोशातून निघत नाही,” मी म्हणालो. पोरं फिदीफिदी हसली. मागून कोणीतरी म्हणालं, “आता ताईच क्लास घेतील.” ताईंनी वहीतला आपला अर्थ खोडला आणि खाली माझा लिहिला. मला दिसेल असा, स्वच्छ अक्षरात.

संध्याकाळी मी हायस्कूलच्या ग्रंथालयात जाऊन मोठा शब्दकोश काढला. बाई बरोबर होती. जिथं जे ढिगानं आहे तिथंच ते नेणं, म्हणजे व्यर्थ खटाटोप.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. प्रज्ञाला ताप होता. मी मनाशी म्हटलं, ताई आल्या की सांगू. त्या आल्या. मी व्याकरण घेतलं. परवा सांगू, रविवारी सांगू... परीक्षेला एकवीस दिवस होते, आणि एकवीस दिवस मी रोज खडू हातात घेऊन दुसरंच काही शिकवत राहिलो. दोन मिनिटांचं काम होतं हो! ‘काल माझं चुकलं’ — एवढंच तर म्हणायचं होतं.

प्रश्न आला. ‘स्वयंपाक्याला चहा करायला शिकवणं म्हणजे...’ अशा अर्थाचं वाक्य होतं, उत्तर न्यूकॅसलचंच. इतर पोरांचाही चुकला असेल, पण यादीच्या काठावर ताई होत्या. एका मार्कानं राहिल्या.

पेपर आणि वही घेऊन त्या क्लासच्या जिन्यावर आल्या. दुसरं कोणी नव्हतं. रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारलं, “सर, असं कसं झालं?”

आणि मी म्हणालो, “अहो ताई, मी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना दुरुस्ती दिली होती. तुमचा खाडा होता त्या दिवशी.”

इतकं सहज निघालं तोंडातून. पहिली चूक अज्ञानाची म्हणा, दुसरी भित्रेपणाची. पण ही? ही कशाची होती?

ताईंनी कपाळावर हात मारला. “माय वो! मी त्या दिवशी काऊन नाही आली!” मग वर मलाच म्हणाल्या, “तुमी नका वाईट वाटून घेऊ सर.” आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या बॅचपासून मी बरोबर अर्थ शिकवू लागलो. तांदळाचं उदाहरणही द्यायचो. पोरांना ते फार आवडायचं, त्यामुळे दरवर्षी द्यायचो. ते कुणाचं, हे कधी बोललो नाही.

अकरा वर्षांनी ताई पुन्हा जिना चढून आल्या. अजून मदतनीसच. केस पांढरे झालेले, सोबत प्रज्ञा. पोरगी उंच, चटपटीत. कॉलेजला जाते म्हणाली.

“हे माहे सर,” ताई तिला म्हणाल्या. “हिले घ्या सर तुमच्या क्लासात. अन् प्रज्ञा, आयक, एक दिवसही खाडा करू नोको. एका दिवसानं का होते, तुले माहीत हाये.”

प्रज्ञा माझ्याकडे पाहून हसली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, “माझ्याच तापानं आईची नौकरी गेली, सर.”

मी रजिस्टर उघडलं आणि तिचं पूर्ण नाव विचारलं.