तिन्ही बदाम

पानं वाटून झाली की बाई आधी पदराला हात पुसायच्या. मग तिन्ही पानं छातीशी धरून, कोपरा जरासा वाकवून बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या. चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हीही फसला असता.

आमचं गाव म्हणजे चांद्याच्या जंगलातला सागवानाचा डेपो आणि त्याच्याभोवतीची थोडी घरं. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. रविवारी दुपारी रेंजरसाहेबांच्या व्हरांड्यात आमचा तीन पानांचा डाव बसे. रेंजरीणबाई, कंपाउंडरची बायको, मी आणि बाई. पैशांऐवजी चिंचोके. हातात काही नसतानाही चिंचोके पुढे सारत राहायचं, समोरची घाबरून पानं टाकते का बघायचं, असा तो खेळ. आम्हाला तो गप्पांचं निमित्त होता. बाईंना नव्हता.

कंपाउंडरच्या बायकोनं एकदा टाकून दिलेली पानं परत मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, "पत्ते खेळून राह्यलो आपण, भातुकली नाई." मला बारीक ताप होता त्या रविवारी रेंजरीणबाईंनी माझ्यासाठी सवलत मागून पाहिली. ताप मास्तरीणबाईच्या अंगात आहे, पत्त्यांच्या नाही, असं म्हणून बाईंनी माझे सगळे चिंचोके काढून घेतले आणि संध्याकाळी घरून काढा पाठवला.

स्वतः हरल्या की मात्र त्या खुलत. मी एकदा अगदी भिकार पानांवर त्यांना पळवून लावलं, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होत्या, या पोरीनं मले फसवलं म्हणून.

याचं कारण त्यांनीच एकदा पानं पिसताना सांगितलं. नवरा गेल्यापासून त्या दिराकडे राहत. दीर डेपोत मुन्शी. माणसं भली. बाईंना कोणी उलट बोलत नसे. त्यांच्या हातून वरणात मीठ दुप्पट पडलं तरी सगळे मुकाट्यानं जेवून उठत.

"पाहुणीवाणी ठेवते मले," त्या म्हणाल्या. "इथी तुमी मले हरवता. म्हणून येते मी."

हे आम्ही तिघींनी ऐकलं होतं. तरीही पुढचं घडलं.

त्या हिवाळ्यात बाईंनी शिवणाचं काम घेणं बंद केलं. कंटाळा आला, म्हणत. मग एका डावात शेवटी त्या आणि मी अशा दोघीच उरलो. माझ्याकडे दोन राजे होते. बाईंनी पानं उघडली आणि म्हणाल्या, "तिन्ही बदाम." तिन्ही एका जातीची असती तर डाव त्यांचाच होता. पण मधलं पान चौकटचं होतं. लाल तेवढं त्यांना दिसलं होतं. रेंजरीणबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं. मी राजे पालथे घातले आणि म्हटलं, "जिंकलात, बाई."

नंतर चहा करताना आम्ही तिघींनी ठरवलं, की म्हातारीचं मन मोडायचं नाही. त्यानंतर बाई जिंकत राहिल्या. चिंचोक्यांची रास त्यांच्यापुढे वाढत गेली आणि त्यांचं हसणं कमी कमी होत गेलं. आम्ही ते वयावर ढकललं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांनी तीन पानं सतरंजीवर एकेक करून मांडली आणि म्हणाल्या, "तिन्ही बदाम."

मधोमध इस्पिकचा एक्का होता. हाताच्या अंतरावरून कोणालाही दिसावा असा.

मग रेंजरीणबाई म्हणाल्या, "घ्या बाई, तुमचाच डाव."

बाईंनी चिंचोक्यांना हात लावला नाही. एक्क्यावर बोट ठेवलं. "हा काळा आहे, हे दिसते मले अजून."

मग आमच्या तिघींच्या तोंडांकडे पाहत राहिल्या. आमच्या तोंडांवर त्यांना कितपत दिसलं असेल, कोण जाणे.

"तुमीबी घरच्यावाणी झाल्या," एवढं म्हणून त्या उठल्या.

रेंजरीणबाई दोनदा बोलवायला गेल्या. बाईंनी सुपारी दिली, विचारपूस केली, पण डावाला आल्या नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर दिराची वरोऱ्याला बदली झाली, त्यांच्याबरोबर त्याही गेल्या.

दिसत नाही का, असं एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मला त्या गेल्यावर सुचलं. सुट्टीत मी पत्त्यांच्या एका जोडातल्या प्रत्येक पानावर शाईनं ठळक खुणा काढल्या, बदामावर एक, चौकटवर दुसरी, आणि वरोऱ्याला गेले.

बाईंनी पानं डोळ्यांजवळ नेऊन एकेक पाहिली. खुणा ओळखू येत होत्या. मी वाटायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला.

"तू हरली, तं खरंच हरली काय, हे मले आता कसं समजन?"

मी पानं पिशवीत ठेवली. आम्ही चहा घेतला, शाळेच्या गोष्टी केल्या.

त्या पावसाळ्यात त्या वारल्याचं कळलं. मला त्या, मी वरोऱ्याहून निघाले तेव्हाच्याच आठवतात. जाऊबाई नको नको म्हणत असताना भिंतीला धरून त्या फाटकापर्यंत आल्या होत्या. मी स्टेशनच्या वाटेला लागले, थोडं गेल्यावर वळून पाहिलं, तर त्या हात वर करून उभ्या होत्या. तोंड गावाकडे. रस्त्यावरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती, ती मीच असं समजून त्या हात हलवत होत्या.

त्यांच्यामागे जाऊ उभी होती. मला तोंडावर बोट ठेवून खुणावत होती.

"बाई," मी ओरडले, "मी इकडं आहे."

त्यांचा हात थांबला. हळूच वळल्या.

"हो," त्या म्हणाल्या, "असं सांगावं लागते." आणि भिंत चाचपत आत गेल्या.