देवाच्या सोन्याचं पाणी

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. मी तेव्हा कुंभकोणमला इन्स्पेक्टर होतो. इन्नंबूरच्या वाटेवर एक तळं आहे. तिथली कोळीण एका सकाळी ठाण्यात आली आणि कॉलेजच्या पोरांनी केलेल्या तपासणीचा कागद तिनं टेबलावर आपटला. मासे, गाळ, कमळाची मुळं, सगळ्यात पारा! "सार, माझी लेक सातव्या महिन्यात आहे. रोज हेच मासे खाते. पोटातल्या जिवाचं काय?"

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, नमुने सरकारी प्रयोगशाळेला धाडले. आणि मग आमची जुनी खोड! जवळच्या भंगारवाल्याला दिवसभर ठाण्यात बसवून दम भरला. त्याच्याकडे पाऱ्याचा थेंबही निघाला नाही. झक मारत त्याची माफी मागितली.

मग कोळणीला पुन्हा विचारलं, तळ्यावर कोण कोण येतं? ती म्हणाली, "दर शुक्रवारी एक म्हातारा घागर रिकामी करतो नि हात जोडतो. पण तो देवमाणूस, सार. त्याचं काय विचारता?"

शुक्रवारी दिवसाढवळ्या त्याला घागरीसकट ठाण्यात आणला. देवांच्या तांब्याच्या कवचांना सोन्याचा मुलामा देणारा कारागीर. पाऱ्यात सोनं कालवून लेप द्यायचा, निखाऱ्यावर पारा उडवायचा, मग कवच धुवून ते पाणी घागरीत साठवायचं. जबाब तमिळमध्ये चालला होता. मध्येच त्याचा हात थरथरला, पेला सांडला आणि तो "विठ्ठला!" म्हणाला. मी दचकलो. अरे, हा तर आमच्यातला, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेला मराठी माणूस! आई गेल्यापासून आमचं घरचं मराठी माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं.

"मामा, हे पाणी तळ्यात का ओतता?" मी मराठीत विचारलं.

"मग काय साक्कडैंत वोतूं? देवाच्या आंगाचें सोनें लागलेलें पाणी तें. गटारांत टाकिल्यास पाप नाहीं?"

गुंता सुटला. कोळणीच्या लेकीचं सांगितलं तेव्हा म्हातारा ढसाढसा रडला. खरं सांगतो, तासाभराचा जबाब मी दुपारभर लांबवला. ते बोलणं ऐकायला जीव आसुसला होता.

तो जामिनावर सुटला. दर तारखेला एकच विचारायचा, "सार, लेकरूं कैसें आहे?" मी म्हणायचो, "अजून व्हायचंय, मामा."

नोकरीत आम्ही लपणारा माणूस शोधायला शिकतो. हा तर हात जोडून, सगळ्यांदेखत ओतत होता, म्हणून कोणालाच दिसला नाही. चांगल्या मनाच्या माणसालाही वेळेवर हटकावं, एवढं मी शिकलो.

मुलगी झाली. डॉक्टरांनी तपासली, ठणठणीत. कोळणीचा फोन ठेवला आणि मी वर्दीतच म्हाताऱ्याच्या घरी धावलो. दाराशी चपलांची गर्दी होती. तो त्याच सकाळी गेला होता. पारा आधी त्याच्याच अंगात भिनला होता.

मी त्याच्या कानाशी वाकलो. "मामा, लेकरू चांगलं आहे." लोक बघत होते, बघेनात का! तो काय म्हणाला असता, ते ऐकायला माझा जीव अजून तळमळतो.