नमुना सात

चऱ्होलीचा कोंडीराम पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होता. सोळा वर्षांत त्याची एक शिफ्ट चुकली नव्हती. तो भीत असे एकाच गोष्टीला : लोक हसतील. घरात मात्र बायको चतुराबाई त्याला रोज ‘नमुना’ म्हणे, कारण तो इस्त्रीचा सदरा घालून गोठ्यातलं शेण काढी.

१९७४ च्या उन्हाळ्यात विद्यापीठातून मृदुला नावाची मुलगी गावाची पाहणी करायला आली. तिने त्याच्या दारावर खडूने लिहिलं, ‘नमुना ७’.

“हे कुणी सांगितलं तुमाला?” कोंडीरामची नजर चुलीकडे गेली.

“कुणी नाही, काका. आम्ही दर दहावं घर घेतो. तेवढ्यांवरून सगळं गाव कळतं.”

“मंग शेजारच्या धोंडीबाला घ्या. त्यो माझ्यापरीस मोठा नमुना हाय.”

“मर्जीनं घर बदललं की अभ्यास खोटा होतो, काका.”

रविवारी मुलीला, पद्माला, बघायला महाळुंग्याचे पाहुणे येणार होते. असलं दार बघून कोण सोयरीक करील? कोंडीरामने सकाळीच ओल्या फडक्याने अक्षरं पुसली. पण एक नमुना कमी पडून अभ्यास खोटा होऊ नये एवढी सचोटी त्याच्यात होती, म्हणून तेच शब्द त्याने सुबक अक्षरांत धोंडीबाच्या दारावर लिहिले.

पाहुणे आले आणि सरळ धोंडीबाकडे शिरले. मध्यस्थ इंदुताईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, “विद्यापीठानं निवडून खूण केलेलं घर हाय, दार बघूनच कळंल.” धोंडीबाला बायको नव्हती, मुलगी नव्हती, पण माणसांची हौस दांडगी. त्याने चहा टाकला. दुसरा चहा झाला तरी मुलगी बाहेर येईना, तेव्हा पाहुणे घड्याळ बघू लागले.

कोंडीराम ओट्यावरून हे बघत होता. शेवटी तो उठला आणि खडू हातात घेऊनच धोंडीबाच्या उंबऱ्यात उभा राहिला.

“पाहुणं, घर चुकलं तुमचं. नमुना ह्यो न्हाई. नमुना मी हाय.”

मुलाच्या बापाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कशावरून?”

मागून चतुराबाई म्हणाली, “मला इचारा की. अठरा वर्सं झाली.”

पाहुणे पोट धरून हसले. हसता हसताच उठून शेजारी गेले, आणि दिवेलागणीला पद्माची सुपारी फुटली.

पुढच्या आठवड्यात मृदुला आली, तेव्हा कोंडीरामच्या दारावर ‘नमुना ७’ पुन्हा होतं. या खेपेस तेलरंगात.